कंटेनर यार्डाची मांडणी: अंतर आणि प्रतीक्षा

कंटेनर यार्ड आखताना जागेचा पहिला हिशेब साध्या गुणाकाराचा असतो. रोज सरासरी २,००० कंटेनर येत असतील आणि प्रत्येक सरासरी ३ दिवस थांबत असेल, तर यार्डात सरासरी ६,००० कंटेनर असणार. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला हा नियम. पाच थर रचले तर जमिनीवर १,२०० जागा पुरतात, तीन थरांना २,००० लागतात. बंदरालगतची जमीन महाग, म्हणून कल उंच रचण्याकडे. पण पाचांच्या भरलेल्या राशीतून नेमका कोणता कंटेनर मागितला जाईल हे ठाऊक नसेल, तर त्याच्यावर सरासरी २ कंटेनर असतात. तिघांच्या राशीत १. ते बाजूला करण्यात क्रेन राबते, आणि त्या वेळात एकही कंटेनर बाहेर पडत नाही.

न्हावा शेवा बंदरात याचा अर्थ नीट कळतो. आयात कंटेनर बंदराबाहेरच्या गोदाम-केंद्रांकडे, म्हणजे कंटेनर फ्रेट स्टेशनांकडे, घाऊक जात, तेव्हा एका स्टेशनाचा माल एकत्र रचून येईल त्या ट्रेलरला वरचा कंटेनर देणे शक्य असे. थेट बंदरातून माल देण्याच्या योजनेत आयातदाराचा ट्रेलर त्याच्याच कंटेनरसाठी येतो. यार्ड तोच, संख्या तीच, तरी जुनी मांडणी अडखळू शकते.

कोणता माल कोणत्या ब्लॉकमध्ये, हा प्रश्न कूपमन्स आणि बेकमन यांनी १९५७ मध्ये मांडलेल्या वाटपाच्या कोड्यात बसतो. मालाचे २० गट २० ब्लॉकमध्ये बसवण्याच्या सगळ्या रीती सेकंदाला १०० कोटी या वेगाने तपासल्या तरी सुमारे ७७ वर्षे लागतील. म्हणून संगणक गटांची अदलाबदल करत एकूण अंतर कमी करणारी मांडणी शोधतो. सुरुवातीला थोडी वाईट अदलाबदलही स्वीकारतो, पुढे हात आखडता घेतो. उत्तर चांगले मिळते, सर्वोत्तम असल्याची हमी नसते.

माझा आक्षेप या उत्तराच्या निकषावर आहे. केवळ अंतर मोजणारे सूत्र वर्दळीचा माल धक्क्याजवळच्या ब्लॉकमध्ये कोंबते, आणि तिथल्या एकट्या क्रेनपुढे ट्रेलरची रांग लागते. सूत्राला ती दिसत नाही. ती दिसते सिम्युलेशनमध्ये, कारण तिथे दोन जहाजे एकाच रात्री लागतात, क्रेन बंद पडते, ट्रेलर संध्याकाळी एकदम येतात. मात्र रंगीत ॲनिमेशनची एक फेरी म्हणजे पुरावा नव्हे. यार्ड रिकामा धरून सुरू केलेले पहिले दिवस वगळावेत, फेऱ्या अनेक घ्याव्यात, आणि दोन मांडण्यांची तुलना जहाजांच्या व ट्रेलरच्या त्याच आगमनक्रमावर करावी. नाहीतर फरक मांडणीचा की योगायोगाचा, हे ठरत नाही. त्याआधी मॉडेलने गेल्या महिन्यातील गेटवरच्या नोंदींशी जुळणाऱ्या वेळा काढून दाखवल्या पाहिजेत.

मोजलेली प्रतीक्षा मग दंड म्हणून सूत्रात घालून शोध पुन्हा चालवायचा. चार थर, जमिनीवर १,५०० जागा आणि दर मागणीला सरासरी १.५ वायफळ उचली, की पाच थर आणि एक जादा क्रेन, हे दोन पर्याय तेव्हाच एका कोष्टकात शेजारी ठेवता येतात.