हरामखोर
मराठी लोकव्यवहारातील एक सर्वपरिचित शिवी. निषिद्ध या अर्थाचा अरबी ‘हराम’ आणि खाणारा या अर्थाचा फारसी ‘खोर’ यांच्या संयोगाने सिद्ध झालेला हा शब्द मुळात धन्याचे अन्न खाऊन त्याच्याशीच बेइमान होणाऱ्या चाकरास उद्देशून असे. म्हणूनच जुन्या दफ्तरी पत्रव्यवहारात तो केवळ अपशब्द म्हणून नव्हे, तर फितुरीचा गंभीर आरोप म्हणून भेटतो.

हा आरोप किती सापेक्ष असे, याचा दाखला बुलढाणा जिल्ह्यात आहे. १७२४ साली साखरखेर्डा येथे निजामुल्मुल्क आणि दख्खनचा सुभेदार मुबारिझखान एकमेकांशी लढले, तेव्हा दोघेही दिल्लीच्या एकाच बादशहाचे चाकर होते आणि बादशहाची आतून फूस मुबारिझखानास होती. म्हणजे रीतीने पाहता निमकहराम ठरावयाचा तो निजाम. परंतु मुबारिझखान रणांगणी पडला आणि पुढील वर्षी त्याच बादशहाने निजामास ‘आसफजाह’ हा किताब बहाल केला.

राजेरजवाडे गेले, तसा शब्दातील राजद्रोह गळून लबाड, कामचुकार, खट्याळ एवढाच अर्थ उरला. वऱ्हाडी बोलीत उशिरा परतलेल्या नातवास आजी “काहून रे हरामखोरा, कुठी होता इतका वेळ?” म्हणते, त्यात रागापेक्षा मायाच अधिक, तोच शब्द बाजारात परक्यास उच्चारल्यास मात्र हातघाई ठरलेली.

याउलट कष्टाचे खाणारा तो ‘हलालखोर’. हे नाव सफाई कामगारांस रूढ झाले आणि मुंबई महापालिकेच्या १८८८ च्या कायद्यात ‘हलालखोर कर’ म्हणून नोंदले गेले.