बाई, याचा उपयोग काय?

मडकं घेताना आपण टिचकी मारून बघतो. खणखणीत वाजलं तर पक्कं, बद्द वाजलं तर कुठेतरी चीर. पूर्वी स्टेशनात गाडी थांबली की एक माणूस हातोडीने चाकं ठोकत जायचा, तेही त्याचसाठी.

आमचा भाचा रिफायनरीत पाइप तपासतो. परवा म्हणाला, "मावशी, आम्हीपण मडकंच वाजवतो." पाइपवर जाड आवरण, आणि त्याखाली गंज. साधं अल्ट्रासॉनिक यंत्र टेकवाल तेवढ्याच जागेचं सांगतं. म्हणून पाइपला एका जागी कडं बसवायचं आणि कानाला ऐकू न येणाऱ्या लहरी सोडायच्या. त्या पाइपच्या भिंतीतूनच दोन्हीकडे कित्येक मीटर धावतात. वाटेत गंज लागला की थोडी लहर माघारी येते. तिला लागलेल्या वेळावरून जागा कळते. यांना म्हणतात 'गाइडेड वेव्ह'.

मी याचा इतिहास शोधू लागले आणि थक्क झाले. पत्र्यातून अशा लहरी कशा जातात याचं गणित मँचेस्टरचे प्राध्यापक होरेस लॅम्ब यांनी १९१७ साली मांडलं. वय ६७! गंजलेले पाइप त्यांच्या मनातही नसावेत. १९३४ मध्ये ते वारले. या लहरींनी धातूतले दोष शोधायचे प्रयोग अमेरिकेत हॅनफर्डला वर्ल्टन यांनी केले, ते १९५०च्या दशकाच्या अखेरीस. १९५९ मध्ये गाझिस यांनी पोकळ नळीचं गणित सोडवलं. आणि लंडनच्या इंपीरियल कॉलेजात कॉली, अलेन आणि सहकाऱ्यांनी प्रत्यक्ष पाइप तपासण्याची पद्धत बसवली ती १९९०च्या दशकात.

एवढा उशीर का? एका धक्क्यातून अनेक जातींच्या लहरी निघतात, प्रत्येकीची चाल वेगळी. परत येणाऱ्या आवाजांचा नुसता गलका! हवी ती एकच लहर उठवणं आणि गलक्यातून नेमकी खूण वेचणं जमलं, तेव्हा कुठे लॅम्बसाहेबांचं गणित कामाला आलं.

मी बी.ए. झालेली, पण गणिताच्या बाई रजेवर गेल्या की तास माझ्या गळ्यात. एकदा एका मुलाने विचारलं, "बाई, याचा उपयोग काय?" मी म्हटलं, "परीक्षेत येईल." तो मुकाट्याने खाली बसला.

ते उत्तर अजून बोचतं. "मला माहीत नाही रे, कदाचित तुझ्या नातवाला कळेल," एवढं म्हणायला हवं होतं.

असो.