भावनियमन आणि चिंता

भावनियमन म्हणजे मनात उठलेल्या भावनेची तीव्रता, कालावधी किंवा आविष्कार बदलण्याची प्रक्रिया. चिंतेने ग्रासलेल्या माणसाला ‘विचारच करू नकोस’ असे सांगण्याची आपल्याकडे सर्रास पद्धत आहे. पुरावा मात्र या सल्ल्याच्या विरोधात जातो. मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांच्या १९८७ मधील प्रयोगात सहभागींनी पांढऱ्या अस्वलाचा विचार टाळायचा होता आणि तो आलाच तर घंटी वाजवायची होती. घंटी वाजतच राहिली. पुढे विचाराची मुभा मिळताच अस्वल अधिकच आठवू लागले. जेम्स ग्रॉस यांनी १९९८ मध्ये किळसवाणी चित्रफीत दाखवली, तेव्हा चेहरा निर्विकार ठेवणाऱ्यांची किळस ओसरली नाही, उलट शरीरावरचा ताण वाढला. दृश्याकडे तटस्थपणे पाहणाऱ्यांची किळस मात्र घटली. म्हणजे भावना दाबण्यापेक्षा तिच्यामागचा विचार बदलणे उपयोगी ठरते.

कर्ज, आजारपण, नोकरीची अनिश्चितता ही खरी कारणे असताना विचार बदलायला सांगणे म्हणजे दोष पीडिताच्याच माथी मारणे, हा आक्षेप गंभीर आहे. परंतु अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती, जिचा मराठीत कि. मो. फडके यांनी प्रसार केला, परिस्थिती नाकारत नाही. ‘हप्ता थकला’ ही वस्तुस्थिती आणि ‘आता सगळे संपले’ हा निष्कर्ष यांत ती फरक करते. बँकेत जाऊन मुदत मागावीच लागते. भीतीने गोठलेल्या माणसाला तेवढेही जमत नाही. अर्थात स्वप्रयत्नांना मर्यादा आहेत. अनावर काळजी सहा महिने टिकून दैनंदिन व्यवहार विस्कटले, तर तज्ज्ञाकडे जावे. भारत सरकारची ‘टेली मानस’ ही मानसिक आरोग्याची दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य उपलब्ध आहे.