घरी बनवलेल्या वस्तू ऑनलाइन विकायच्या आहेत? मोबाइलवर असे काढा फोटो

क्रोशाचं तोरण, गोधडी, टेराकोटाचे दागिने, रंगवलेल्या पणत्या. अशा वस्तू आता इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून घरबसल्या विकल्या जातात. पण दुकानात ग्राहक वस्तू हातात घेऊन बघतो, ऑनलाइन त्याच्यासमोर फक्त फोटो असतो. मरून गोधडी फोटोत लाल दिसली तर ती परत येऊ शकते आणि कुरिअरचा खर्च अनेकदा बनवणाऱ्याच्याच अंगावर पडतो.

रंग का चुकतो?

पिवळ्या बल्बचा प्रकाश साधारण २७०० ते ३००० केल्विनचा असतो, तर भर दिवसाचा ५५०० केल्विनच्या आसपास. समोरचा प्रकाश ओळखून फोन रंग आपोआप जुळवतो. खिडकीचा उजेड आणि बल्ब एकत्र आले की त्याचा गोंधळ उडतो. वस्तूची एक बाजू पिवळी दिसते, दुसरी निळसर. म्हणून फोटो काढताना घरातले दिवे बंद ठेवा.

खिडकी हाच स्टुडिओ

थेट ऊन न येणाऱ्या खिडकीजवळ टेबल ठेवा. ऊन येत असेल तर पांढरा पातळ पडदा लावा. उजेड वस्तूच्या बाजूने आला की टाके आणि विणीचा उठाव दिसतो. समोरून फ्लॅश मारल्यास तो सपाट होतो. खिडकीच्या विरुद्ध बाजूला थर्माकोलची शीट उभी केली की सावली सौम्य होते.

मागे पांढरा कार्डशीट भिंतीला टेकवा आणि घडी न पाडता टेबलावर वळवून आणा. कोपऱ्याची रेघ दिसणार नाही.

सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांसारख्या चकचकीत वस्तूंवर खिडकीचं प्रतिबिंब पडतं. वस्तू किंचित फिरवली की ते बाजूला सरकतं.

फोनमध्ये काय बघायचं?

• आधी लेन्स पुसा.
• ०.५एक्स वाइड लेन्स जवळून वापरू नका, कडा ताणल्या जातात. मागे सरकून १एक्स किंवा २एक्सवर फोटो काढा.
• पांढऱ्या पार्श्वभूमीवर फोटो काळपट येतो. वस्तूवर टॅप करून ब्राइटनेस थोडा वाढवा.
• फिल्टर आणि पोर्ट्रेट मोड टाळा. पोर्ट्रेट मोडमध्ये झालर, गोंडे धूसर होऊ शकतात.

किती फोटो हवेत?

पाच पुरेसे आहेत: पूर्ण वस्तू, मागची बाजू, जवळून काम, हातात धरून आकार आणि प्रत्यक्ष वापरात. लांबी-रुंदी मजकुरात लिहाच. हातकामात दोन नग तंतोतंत सारखे नसतात, तेही सांगा. नंतरचा वाद टळतो.

अ‍ॅमेझॉनवर मुख्य फोटोची पार्श्वभूमी पूर्ण पांढरी लागते आणि वस्तूने चौकटीचा ८५ टक्के भाग व्यापावा लागतो. इन्स्टाग्रामवर असं बंधन नाही.

पोस्ट करण्याआधी

फोटो दुसऱ्या फोनवर उघडा, वस्तू दिवसाच्या उजेडात शेजारी धरा. रंग जुळला तरच पोस्ट करा. फोटोत वस्तू आहे त्याहून सुंदर दिसण्यापेक्षा आहे तशी दिसली, तर ग्राहक पुन्हा ऑर्डर देतो.