चॉकलेट नावाची गोळी

वाढदिवसाला मूल वर्गात ‘चॉकलेट’ वाटते, तेव्हा त्याच्या पिशवीत बहुधा चॉकलेट नसतेच. संत्र्याच्या, आंब्याच्या नाहीतर पानाच्या चवीच्या गोळ्या असतात, फार तर टॉफी. जालना, अंबड, परतूरच नव्हे, सगळ्या महाराष्ट्रात कागदात गुंडाळलेल्या छोट्या गोड वस्तूला आपण सर्रास चॉकलेट म्हणतो. काटेकोर माणसे यावर हसतात. आम्हाला मात्र या शब्दामागचे कारण शोधावेसे वाटते, कारण ते निम्मे इतिहासात आणि निम्मे पदार्थविज्ञानात सापडते.

कोकोचे झाड मूळचे अमेरिका खंडाच्या उष्ण, दमट भागातले. तिथले लोक कोको प्यायचे, आणि तोही कडू. १८२८ साली हॉलंडमधील व्हान हौटेन यांनी भाजलेल्या कोकोबिया दाबयंत्रात घालून त्यांतील मेद, म्हणजे कोकोबटर, बाजूला काढण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. १८४७ मध्ये ब्रिस्टलच्या फ्राय कंपनीने हेच कोकोबटर कोको आणि साखरेत जादा मिसळून साच्यात ओतले आणि खाण्याची वडी बनवली. पुढे १८७५ मध्ये डॅनिएल पेटर यांनी दूध घातले, तर १८७९ मध्ये रोडॉल्फ लिंट यांनी लगदा तासन् तास घोटण्याचे यंत्र आणले. चॉकलेटला आजचे रूप मिळाले ते असे, थंड हवेच्या देशांत.

थंड हवा इथे महत्त्वाची. कोकोबटरमध्ये मोजक्याच प्रकारचे रेणू असल्याने ते लोण्यासारखे हळूहळू मऊ पडत नाही. ३३-३४ अंश सेल्सिअसला एकदम वितळते. तोंडातले तापमान याहून थोडेच जास्त, म्हणून चॉकलेट जिभेवर ठेवताच पाणी होते. मे महिन्यात जालन्याचा पारा सहज ४० च्या वर जातो. बिनवातानुकूलित किराणा दुकानातल्या बरणीत चॉकलेटचे काय होईल, हे वेगळे सांगायला नको.

साखरेच्या गोळीचे तसे नाही. साखर आणि ग्लुकोजचा पाक सुमारे १५० अंशांपर्यंत आटवून भरभर थंड केला, तर साखरेचे स्फटिक होत नाहीत, काच होते. ही काच कोरड्या उन्हाळ्यात घट्ट राहते. तिचा शत्रू ओलावा, म्हणून तर तिला पिळाचा कागद. पार्ल्याला १९२९ साली सुरू झालेला कारखाना आधी गोळ्याच बनवी. वालचंद हिराचंद यांनी नाशिक जिल्ह्यात मालेगावजवळ १९३३ साली साखर कारखाना काढला आणि १९४२ पासून तिथे गोळ्या तयार होऊ लागल्या, त्याच या प्रसिद्ध ‘रावळगाव’च्या. (हे नाव २०२४ मध्ये रिलायन्सच्या कंपनीने विकत घेतले.) साखर आपल्या उसाची, गोळी आपल्या हवेत टिकणारी. शब्द विलायतेहून आला आणि या गोळीला चिकटला.

कोकोचे झाडही भारतात आले, पण जालन्याला नाही. ते १७९८ मध्ये दक्षिणेत कुर्तालमला लावले गेले. व्यापारी लागवड मात्र १९६५ नंतर केरळात कॅडबरीच्या पुढाकाराने वाढली. पुढे कोकोचे भाव कोसळले, तेव्हा सुपारी बागायतदारांची कॅम्पको ही सहकारी संस्था खरेदीला उतरली आणि १९८६ मध्ये तिने कर्नाटकातील पुत्तूरला स्वतःचा कारखाना उभारला. कोकोला हवी नारळी-पोफळीची सावली आणि दीड-दोन हजार मिलिमीटर पाऊस. जालन्यात त्याच्या निम्माही पडत नाही. मोसंबीही परकीच, तिचे नाव मोझांबिकवरून पडलेले. पण ती इथे विहिरीच्या पाण्यावर रुजली आणि २०१६ मध्ये ‘जालना मोसंबी’ला भौगोलिक मानांकनही मिळाले. एक परदेशी पाहुणा घरचा झाला, दुसरा वेशीबाहेरच राहिला.

गेल्या काही वर्षांत लहान शहरांतूनही घरी चॉकलेट करून विकणाऱ्यांची संख्या वाढली आहे. दिवाळी-राखीला त्यांच्या खोक्यांना मागणी असते. यांतले बरेच जण ‘कंपाउंड’ची लादी आणतात, गरम पाण्यावरच्या भांड्यात वितळवतात आणि साच्यात ओततात. कंपाउंडमध्ये कोकोबटरऐवजी दुसरा वनस्पतिजन्य मेद असतो. तो उन्हाला अधिक दाद देत नाही आणि स्वस्तही पडतो. त्यात फसवणूक नाही, वेष्टनावर लिहिलेले असते. २०२४ मध्ये कोकोचा जागतिक भाव टनाला १०,००० डॉलरवर गेला, तेव्हा लहान कारागिराने हाच मार्ग धरला तर त्याला बोल कसा लावायचा?

खरे चॉकलेट करणे हे कौशल्याचे काम आहे. कोकोबटर सहा प्रकारे स्फटिकरूप होऊ शकते. त्यातला पाचवा प्रकारच चकाकतो आणि ‘कट्’ असा तुटतो. तो मिळवण्यासाठी चॉकलेट ४५ अंशांपर्यंत वितळवून, २७-२८ पर्यंत उतरवून, पुन्हा ३१-३२ ला आणावे लागते. दोन अंशांची चूक झाली तरी वडी मऊ राहते किंवा पांढुरकी पडते. म्हैसूरची नवीलुना, ऑरोव्हिलची मेसन अँड कंपनी असे कारागीर तर दक्षिणेतल्या शेतकऱ्यांकडून बियाच घेतात आणि भाजण्यापासून सगळे स्वतः करतात. बिया आधी पाच-सात दिवस आंबवलेल्या असतात. त्या आंबवण्यातून चव घडते, म्हणून एका मळ्याची वडी आंबटसर फळासारखी लागते, तर दुसऱ्याची भाजक्या दाण्यासारखी.

फरक वर्गात तपासता येतो. गोळी, कंपाउंडचा तुकडा आणि कोकोबटरच्या चॉकलेटचा तुकडा आळीपाळीने जिभेवर ठेवावा, चावू नये. गोळी लाळेत विरघळते, वितळत नाही. चॉकलेट लवकर वितळते आणि किंचित गारवा जाणवतो, कारण वितळण्याची उष्णता ते जिभेकडूनच घेते. कंपाउंड रेंगाळते आणि टाळ्याला मेणासारखा थर ठेवते. ‘विरघळणे’ आणि ‘वितळणे’ यांतला फरक फळ्यावर समजावण्यापेक्षा असा लवकर कळतो.

जालन्याच्या कारागिराला स्वतःची अशी वडी करायचीच असेल, तर मोसंबीची साल हाताशी आहे. मात्र ती पाकात मुरवून चांगली सुकवलेली हवी. वितळलेल्या चॉकलेटमध्ये पाण्याचे चार थेंब पडले तरी साखरेचे कण एकमेकांना चिकटतात आणि सगळा घाणा घट्ट होऊन बसतो.