शाळेतली पहिली दहा मिनिटं : किल्लारी, अंजार आणि कुंभकोणमने काय शिकवलं?



शाळेत आग लागली, भूकंप झाला किंवा एखादं मूल अचानक कोसळलं, तर डॉक्टर येईपर्यंत त्याला सांभाळणार कोण? शिक्षक, शिपाई आणि वर्गातली इतर मुलं. शाळेची सुरक्षा हा म्हणूनच आरोग्याचाही विषय आहे. आज आपल्याकडे असलेले नियम कसे आले, हे आधी थोडक्यात पाहू.

१) किल्लारी, १९९३ : वेळेनं वाचवलं

सोलापुरातल्या चाळिशी ओलांडलेल्या कुणालाही विचारा, ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आठवते. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालं होतं, माणसं दमून झोपली होती. ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. किल्लारी आपल्यापासून सरळ रेषेत शंभर किलोमीटरसुद्धा नाही. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून दहा हजारांच्या आसपास माणसं गेली.

भूकंपाची तीव्रता होती सुमारे ६.२. मग इतके मृत्यू का? दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं जड माळवद. झोपलेली माणसं त्याखाली गाडली गेली. मातीच्या ढिगाऱ्याखाली श्वास कोंडून जीव जायला काही मिनिटंच लागतात, मदत पोहोचायला मात्र तास लागतात.

शाळांच्या इमारतींचंही मोठं नुकसान झालं, पण त्या वेळी वर्ग रिकामे होते. हाच धक्का सकाळी अकराला बसला असता तर? मुलं वाचली ती वेळेमुळे, शाळांच्या तयारीमुळे नव्हे.

२) अंजार, २००१ : वेळ फिरली

२६ जानेवारी २००१, सकाळी ८ वाजून ४६ मिनिटं. कच्छमधल्या अंजार गावात प्रजासत्ताक दिनाच्या फेरीसाठी मुलं अरुंद गल्लीतून चालली होती. दोन्ही बाजूंच्या इमारती कोसळल्या. १८५ मुलं आणि २० शिक्षक गेले. म्हणजे शाळेची इमारत भक्कम असली तरी पुरत नाही. मुलं जिथून जातात तो रस्ताही बघावा लागतो. पुढे २००५ मध्ये देशाचा आपत्ती व्यवस्थापन कायदा झाला.

३) कुंभकोणम, २००४ : निसर्गाचा दोष नाही

१६ जुलै २००४ ला तमिळनाडूतल्या कुंभकोणमच्या शाळेत माध्यान्ह भोजनाच्या स्वयंपाकघरातून आग पसरली. वर झावळ्यांचं छप्पर, उतरायला अरुंद जिना. ९४ मुलं गेली. इथे सगळं माणसाच्या हातातलं होतं.

या दुर्घटनेनंतरच्या याचिकेवर १३ एप्रिल २००९ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की शिक्षणाच्या हक्कात सुरक्षित शाळेचा हक्कही येतो. शाळेत अग्निशामक साधनं हवीत, ती वापरायला शिक्षक-कर्मचाऱ्यांना शिकवायला हवं, इमारतीची तपासणी हवी. २०१६ मध्ये राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने शाळांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या : प्रत्येक शाळेचा स्वतःचा आराखडा आणि नियमित सराव.

प्रत्येक नियमामागे अशी एखादी दुर्घटना आहे. पण भिंतीवर टांगलेला लाल सिलिंडर कुणाला उघडता येत नसेल, तर तो नियम कागदावरच राहिला.

मग पहिल्या दहा मिनिटांत काय करायचं?

- भाजलं : वीस मिनिटं नळाच्या वाहत्या, साध्या पाण्याखाली धरा. बर्फ, हळद, टूथपेस्ट, शाई काही लावू नका.
- फिट आली : मुलाला कुशीवर वळवा, आजूबाजूच्या वस्तू हलवा, वेळ बघा. चप्पल किंवा कांदा हुंगवू नका, तोंडात काही घालू नका. पाच मिनिटांत थांबली नाही तर १०८ ला फोन करा.
- रक्तस्राव : स्वच्छ कापडाने जखम दाबून धरा. काय झालं बघायला सारखं उचलू नका.
- मूल बेशुद्ध, श्वास नाही : एकाने १०८ ला फोन करायचा, दुसऱ्याने लगेच छाती दाबायला सुरुवात करायची. हृदय थांबल्यावर चार ते सहा मिनिटांत मेंदूला इजा व्हायला लागते. हे वाचून येत नाही, हात बसवावा लागतो, प्रशिक्षण घ्या.
- भूकंप : पक्क्या काँक्रीटच्या इमारतीत बाकाखाली शिरा, डोकं झाका, बाकाचा पाय धरून ठेवा. हादरा थांबल्यावर रांगेत मैदानात जा. जिन्यात धावाधाव करू नका.

पालकांनी शाळेला काय विचारायचं?

१. शेवटचा सराव कधी झाला? तारीख विचारा.
२. शाळा भरल्यावर मागच्या दाराला कुलूप असतं का?
३. दमा, फिट, ॲलर्जी असलेल्या मुलांची यादी आणि त्यांची औषधं कुठे ठेवली आहेत? तुमच्या मुलाला असं काही असेल तर लपवू नका, लेखी द्या.
४. मैदानात जमल्यावर हजेरी कोण घेणार?
५. रुग्णवाहिका कोणत्या फाटकातून आत येईल? शाळा सुटताना सात रस्त्यावर रिक्षा, व्हॅन आणि दुचाक्यांची गर्दी होते, हे तुम्ही रोज बघता. फाटकासमोर गाड्या उभ्या करणारे बहुतेक वेळा आपणच असतो. उद्यापासून थोडी लांब लावा, चालत जा.

पुढच्या पालक सभेत गुणांची चर्चा झाली की हे पाच प्रश्न विचारा. उत्तरं मिळाली नाहीत तर भांडू नका. सरावाची तारीख ठरवून घ्या आणि त्या दिवशी स्वतः हजर राहा.