अंड्यातली शिदोरी

मुलांच्या चित्रांच्या पुस्तकात शार्क म्हटला की एक भला थोरला जबडा आणि त्यात करवतीसारखे दात. त्या जबड्याचा धनीही एके काळी वीतभर पिल्लूच होता, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. मला मात्र त्या पिल्लाचेच कुतूहल अधिक. माणसाने त्याची ओळख करून घेतली त्याचा इतिहास दोन हजार वर्षांहून जुना आहे. आणि त्यातले अलीकडचे पान फारसे सुखाचे नाही.

पहिले पान ॲरिस्टॉटलचे. ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात हा ग्रीक तत्त्वज्ञ लेस्बॉस बेटाच्या खाडीकाठी जलचरांचे निरीक्षण करीत होता. त्याने लिहून ठेवले की शार्कांच्या काही जाती अंडी घालतात, काही पिल्लांना जन्म देतात. आणि एका गुळगुळीत कातडीच्या जातीत तर पिल्लू नाळेने आईच्या गर्भाशयाशी जोडलेले असते. माशाला नाळ! ही गोष्ट पुढे कित्येक शतके कोणी फारशी मनावर घेतली नाही. अखेर 1842 साली बर्लिनचे प्राध्यापक योहानेस म्युलर यांनी तीच नाळ पुन्हा दाखवली, आणि सुमारे बावीसशे वर्षांनी त्या ग्रीक पंडिताला न्याय मिळाला.

याच म्युलरांचा आपल्या किनाऱ्याशीही एक धागा जुळतो. मुंबईच्या बाजारात कोळणीच्या पाटीत दिसणाऱ्या एका लहानशा मुशीचे शास्त्रीय नाव, स्कोलिओडॉन लॅटिकॉडस, त्यांनी व त्यांचे सहकारी हेन्ले यांनी 1838 मध्ये ठेवले. अशा छोट्या मुशींना मालवणकडे मोरी म्हणतात आणि त्यांचे तिखट कालवण आवडीने खातात. मीही त्याचा भक्त आहे. या माशाचे अंडे जेमतेम एक मिलिमीटरचे. त्यात बलक जवळजवळ नाहीच. पिल्लाचे सारे पोषण आईच्या रक्तातून, नाळेवाटे होते.

परंतु सगळ्यांच्याच नशिबी अशी आई नसते. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफ या प्रवाळभिंतीत साधारण तीन फूट लांबीचा एक शार्क राहतो. फौजी अंमलदाराच्या खांद्यावर जसे पदचिन्ह असते, तसा याच्या कल्ल्यांमागे एक मोठा काळा ठिपका असतो. म्हणून इंग्रज त्याला एपॉलेट शार्क म्हणतात. 1788 साली बोनातेर या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञाने त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. ओहोटीच्या वेळी उथळ डबक्यांत अडकला तर हा पठ्ठ्या परांचे पाय करून चक्क चालत जातो! याची मादी चामड्यासारख्या चिवट वेष्टनातली अंडी घालते आणि निघून जाते. पुढचे चार-पाच महिने पिल्लू आत एकटे. शेपटी हलवून ते वेष्टनाच्या फटींतून ताजे पाणी खेळवते, आणि आईने दिलेल्या बलकाच्या शिदोरीवर जगते. दुसरे अन्न नाही.

समुद्र तापू लागला तर या शिदोरीचे काय होते? बॉस्टनच्या न्यू इंग्लंड ॲक्वेरियममध्ये कॅरोलिन व्हीलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी ही अंडी 27, 29 आणि 31 अंश सेल्सियसच्या पाण्यात वाढवली. 27 अंश म्हणजे प्रवाळभिंतीवरचे सध्याचे उन्हाळी मान, आणि 31 म्हणजे या शतकाच्या अखेरीस संभवणारे. त्यांचे निष्कर्ष 2021 च्या जानेवारीत प्रसिद्ध झाले. 27 अंशांत पिल्ले सुमारे 125 दिवसांनी बाहेर आली. 31 अंशांत सुमारे 100 दिवसांतच.

लवकर जन्मली, म्हणजे बरेच झाले की, असे कोणी म्हणेल. तसे नाही. थंड रक्ताच्या जिवात देहाचा सारा व्यवहार भोवतीच्या पाण्याच्या उष्णतेवर चालतो. पाणी तापले की चूल भडकते आणि बलक झपाट्याने सरतो. या दिवसांत आपण परगावी निघालेल्या मुलाच्या हाती फराळाचा डबा देतो. तो अर्ध्या वाटेतच रिकामा व्हावा, तसे हे. उष्ण पाण्यातली पिल्ले वजनाने कमी भरली, त्यांचा दमही कमी ठरला. जन्मताच त्यांना शिकारीला लागावे लागणार, आणि अंगात बळ बेताचे. शिवाय ज्या प्रवाळांच्या कपारींत लपायचे, ते प्रवाळही 1998, 2002, 2016, 2017, 2020, 2022 आणि 2024 सालच्या उष्ण पाण्याने पांढरे पडले.

शार्कांचे कुळ चाळीस कोटी वर्षांचे. डायनोसॉर आले आणि गेले, हे टिकून राहिले. पण त्या युगांत बदल सहसा संथ पावलांनी येत. आताचा बदल माणसाच्या दोन-तीन पिढ्यांत येऊ घातला आहे. आपण कोळसा आणि तेल जाळून जी जादा उष्णता पृथ्वीवर कोंडली, तिच्यापैकी शेकडा नव्वदांहून अधिक समुद्राने पोटात घेतली. मोठा मासा पोहत थंड पाण्याकडे जाईल. अंडे मात्र जिथे घातले तिथेच राहते. त्या चिवट वेष्टनात कोणी एक जीव शेपटी हलवीत आपला बलक पुरवून पुरवून खात आहे, आणि तो किती दिवस पुरावा, हे आता बऱ्याच अंशी आपल्या चुलींवर ठरणार आहे.